बर्फ नसलेल्या जमिनीवरचे पांढरे ससे : स्कॉट मिल्स यांचं प्रकरण

‘हवामान बदलावर काम करायचंय’ असं म्हणणारे वन्यजीव शाखेचे विद्यार्थी आता बरेच भेटतात. त्यातल्या बहुतेकांची समजूत अशी असते, की त्यासाठी जंगल सोडून संगणकासमोर बसावं लागतं, मॉडेल शिकावं लागतं आणि जमलं तर विषयच बदलावा लागतो. एल. स्कॉट मिल्स या अमेरिकी वन्यजीव जीवशास्त्रज्ञाचं काम पाहिलं तर ही समजूत अर्धीच खरी ठरते. मिल्स हवामान बदलाकडे आले ते लोकसंख्या जीवशास्त्राची (प्राण्यांची संख्या का वाढते, का घटते याच्या शास्त्राची) जुनी पेटी बरोबर घेऊन, आणि ती पेटीच पुढे कामी आली. या प्रकरणात प्राणी एकच आहे : स्नोशू ससा.

आधी हा ससा. अलास्का आणि कॅनडापासून अमेरिकेच्या उत्तर भागातल्या डोंगराळ जंगलांपर्यंत तो आढळतो. मागचे पाय रुंद आणि केसाळ असल्यामुळे भुसभुशीत बर्फात रुतत नाही, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढराशुभ्र. आपल्याकडच्या माळरानावरच्या सशाला असं काही करावं लागत नाही, पण जिथे वर्षातले कित्येक महिने जमीन पांढरी असते तिथे रंग न बदलणारा ससा कोणाच्या तरी पोटात जाणार हे नक्की. वेगवेगळ्या अभ्यासांत या सशांच्या एकूण मृत्यूंपैकी ८५ ते १०० टक्के मृत्यू शिकारी प्राण्यांमुळे झालेले दिसले आहेत. लिंक्स, कोल्हे, कायोटी, घुबडं, गोशॉक, सगळ्यांच्या ताटात हा असतोच. म्हातारपणाने मरणारा स्नोशू ससा जवळपास नसतोच म्हणा ना.

मिल्स या सशाकडे वळले त्यात हवामानाचा काही संबंध नव्हता. कॅनडा लिंक्स ही रानमांजर २००० साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली ‘धोक्यात’ या यादीत आली. लिंक्सचं मुख्य खाणं स्नोशू ससा. त्यामुळे ससे किती आहेत, कुठे टिकतात, झाडं तोडल्यावर किंवा दाट रोपवन विरळ केल्यावर त्यांचं काय होतं, या प्रश्नांना अचानक प्रशासकीय वजन आलं. मोंटाना विद्यापीठात असलेल्या मिल्स यांचा गट याच प्रश्नांवर राज्याच्या पश्चिमेकडच्या जंगलात काम करत होता. सशांना रेडिओ कॉलर लावायच्या, आठवड्यामागून आठवडा त्यांचा माग काढायचा, कोण जिवंत आहे आणि कोणाला कोणी खाल्लं ते टिपायचं. लिंक्सच्या केसांतल्या डीएनएवरून प्रजाती ओळखण्याची पद्धत विकसित करण्यातही मिल्स यांचा हात होता.

त्याच्याही आधीचं काम सांगायला हवं, कारण पुढचा धागा तिथे आहे. त्यांनी जंगलाच्या तुटक तुकड्यांत अडकलेल्या लाल पाठीच्या व्होल या उंदरासारख्या प्राण्यावर काम केलं होतं. तुकड्याच्या कडेला व्होल कमी का, एकाकी पडलेल्या लोकसंख्येचं पुढे काय होतं, असे प्रश्न. १९९६ साली जनुकशास्त्रज्ञ फ्रेड अलेनडॉर्फ यांच्याबरोबर त्यांनी ‘दर पिढीला एक स्थलांतरित’ या संवर्धनातल्या जुन्या नियमाची तपासणी केली. दोन लोकसंख्यांमध्ये पिढीमागे एक प्राणी ये-जा करत राहिला तर जनुकीय विविधता टिकते, असा तो ढोबळ नियम. मिल्स आणि अलेनडॉर्फ यांनी दाखवलं, की एक हा आकडा किमान समजावा. प्रत्यक्षातल्या लोकसंख्यांना दहापर्यंत स्थलांतरित लागू शकतात. जनुकांची ये-जा, जगण्याचा दर, वेगळी पडलेली लोकसंख्या : या तीन गोष्टी त्यांच्या हाताला आधीपासून सवयीच्या होत्या.

आता प्रकरणातली मूळ परिस्थिती. कॉलर लावलेले ससे शोधत फिरताना दिसायचं, की शरद ऋतूच्या शेवटी आणि वसंतात काही ससे पांढरेफटक आहेत आणि जमीन मात्र उघडी, तपकिरी. असा ससा दुरूनही नजरेत भरतो. बरं, तो पळत नाही. आपण दिसतच नाही अशा थाटात गप्प बसून राहतो. वर्षानुवर्षं जंगलात फिरणाऱ्या माणसाला ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण ज्याच्या वहीत कोणता ससा कोणत्या आठवड्यात मेला याची नोंद आहे, त्याला पुढचा प्रश्न सुचणं साहजिक होतं : हे पांढरे ससे जास्त मरतात का? आणि बर्फाचे दिवस कमी होत चाललेत, तर अशा सशांचे दिवस वाढतील का?

मुळात गोची ही, की सशाच्या फराचं वेळापत्रक बर्फ पाहून ठरत नाही. ते दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस लहान होऊ लागला की मेलाटोनिन आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या साखळीतून शरीराला निरोप जातो आणि फर बदलू लागते. दिवसाची लांबी हजारो वर्षं बदललेली नाही. बर्फ पडायची आणि वितळायची वेळ मात्र सरकते आहे. एक घड्याळ स्थिर, दुसरं धावतंय.

मिल्स यांनी इथे जो क्रम निवडला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. ‘हवामान बदलामुळे ससे संकटात’ असा निबंध लिहिणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांच्या गटाने विचारलं, की या सशाकडे जुळवून घेण्याचे मार्ग कोणते आहेत, आणि एकेक मार्ग तपासून पाहिला. पहिला मार्ग, तोच प्राणी परिस्थिती पाहून फर बदलण्याची वेळ पुढेमागे करू शकतो का. दुसरा, रंग चुकला तरी वागणं बदलून तो वाचतो का. तिसरा, पिढ्यांमागून पिढ्या निवड होऊन लोकसंख्याच बदलू शकते का. पहिल्या दोन मार्गांनी निभावलं असतं तर तिसऱ्याची गरजच पडली नसती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर २०१३ साली ‘पीएनएएस’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. मोंटानातल्या जंगलात तीन वर्षं कॉलर लावलेले ससे पाहिले गेले. प्रत्येक वेळी ससा शोधायचा, त्याचं छायाचित्र घ्यायचं, तो किती टक्के पांढरा आहे आणि त्याच्या आजूबाजूला किती टक्के बर्फ आहे याचा अंदाज नोंदवायचा. दोन्हींत ६० टक्के किंवा जास्त तफावत असली तर ती विसंगती. साधन म्हणून पाहिलं तर यात काहीच भारी नाही. चिकाटी भारी आहे. त्या तीन वर्षांत बर्फाचं प्रमाण वर्षागणिक बरंच बदललं, आणि ते पथ्यावर पडलं, कारण लवचीकपणा आहे की नाही हे ओळखायला बदलती वर्षंच लागतात. निष्कर्ष असा : फर बदलायला सुरुवात होण्याची तारीख दरवर्षी जवळपास तीच. शरदात पांढरं होण्याचा वेग बर्फाप्रमाणे बदलत नाही. वसंतात मात्र थोडी सवलत दिसली. बर्फ जास्त काळ टिकला तर तपकिरी होण्याचा वेग मंदावतो.

हा निबंध एकट्या वन्यजीव शास्त्रज्ञाला लिहिता आला नसता. लेखकांच्या यादीत स्टीव्ह रनिंग, जेरेड ऑयलर आणि जॉन अबाट्झोग्लू ही हवामानाकडची मंडळी आहेत, आणि पॉल लुकाक्स हे संख्याशास्त्राकडचे. जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन शेकडो किलोमीटरचा असू शकतो. सशाचा वावर काही हेक्टरांचा. डोंगराची कोणती उतरण, कोणती उंची यावर बर्फ आठवडे आठवडे पुढेमागे होतो. तेव्हा मॉडेलमधलं भाकीत सशाच्या मापाला आणण्याचं काम या मंडळींनी केलं. त्यातून आलेला अंदाज : अभ्यासाच्या भागात बर्फाचे दिवस शतकाच्या मध्यापर्यंत २९ ते ३५ ने आणि शतकाच्या अखेरीस ४० ते ६९ ने घटतील. फर बदलण्याची वेळ आज आहे तीच राहिली, तर उघड्या जमिनीवर पांढऱ्या सशाने काढायचे दिवस शतकाअखेर चौपट ते आठपट होतील. विद्यार्थ्यांच्या त्या समजुतीबद्दल बोलायचं तर, मिल्स स्वतः मॉडेलकार झाले नाहीत. मॉडेलकाराला नेमका कोणता आकडा मागायचा हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लवकर आटोपतं. मार्केटा झिमोवा या त्यांच्या विद्यार्थिनीच्या २०१४ च्या निबंधात सशांचं वागणं तपासलं गेलं : रंग चुकलेला ससा जास्त आडोशाला बसतो का, माणूस जवळ येताना लवकर पळतो का. नाही. सशाला आपला रंग चुकलाय हे कळतं असं म्हणायला आधार मिळाला नाही.

मग किंमत किती? २०१६ साली ‘इकॉलॉजी लेटर्स’मध्ये झिमोवा, मिल्स आणि नोवाक यांनी ती मोजली. रंग चुकलेल्या सशाचं आठवड्याचं जगण्याचं प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत घटतं. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. निव्वळ गणित करून पाहा : दर आठवड्याला सात टक्के जादा घट, अशी सलग चार आठवडे चालली, तर शंभरातले सुमारे ७५ उरतात, आठ आठवडे चालली तर ५६. आणि ही घट एरवीच्या मृत्यूंच्या वर. विसंगतीचा काळ आज थोडा आहे म्हणून निभावतंय. तो वाढला आणि सशांनी जुळवून घेतलं नाही, तर लोकसंख्येला ते झेपणार नाही, हा या निबंधाचा रोख. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. ज्याचा रंग चुकतो तो जास्त मरतो, म्हणजे नैसर्गिक निवड प्रत्यक्ष चालू आहे. वाईट बातमीच्या पोटातच तिसऱ्या मार्गाची शक्यता होती.

याच काळात अमेरिकेत ‘हवामान अनुकूलन विज्ञान’ हे सरकारी चौकटीत बसवलं जात होतं. उत्सर्जन कमी करणं ही वेगळी गोष्ट. जो बदल होणारच आहे त्यात जंगलं, नद्या, प्राणी आणि त्यांची देखरेख करणारी खाती कशी निभावतील, हा अनुकूलनाचा विषय. २००९ साली केन सालाझार अंतर्गत मंत्री (सरकारी जमिनी आणि वन्यजीव ज्यांच्या खात्याकडे असतात ते) असताना निघालेल्या आदेशानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याखाली प्रादेशिक हवामान विज्ञान केंद्रं उभी राहिली. पुढे त्यांच्या नावातही ‘अनुकूलन’ शब्द आला. आग्नेय विभागाचं केंद्र नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात आहे. मिल्स काही वर्षं त्या विद्यापीठात होते. नंतर मोंटानाला परतले आणि जागतिक बदल व शाश्वततेच्या संशोधनाची प्रशासकीय जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पदांची यादी यापेक्षा लांब करण्यात अर्थ नाही. सांगायचं एवढंच, की कॉलरच्या नोंदी आणि खात्यांची गरज यांची गाठ पडली ती या काळात.

तिसरा मार्ग आता. सगळेच स्नोशू ससे पांढरे होत नाहीत. प्रशांत महासागराच्या बाजूला, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सौम्य हिवाळ्याच्या पट्ट्यात हिवाळाभर तपकिरी राहणारे ससे आहेत. तिथे बर्फ फार टिकत नाही, त्यामुळे ते बरोबरच आहे. ही माहिती जुनीच. नवीन प्रश्न असा होता, की हा तपकिरीपणा येतो कुठून आणि तो पसरू शकतो का.

२०१८ साली ‘सायन्स’मध्ये याच प्राण्याभोवती फिरणारे दोन निबंध आले. एकात मॅथ्यू जोन्स, जेफ्री गुड आणि सहकाऱ्यांनी (मिल्सही त्यांत होते) दाखवलं, की हिवाळ्यातला रंग मुख्यतः अगूटी नावाच्या एका जनुकाच्या भागावर ठरतो. शरदात हे जनुक वेगळ्या प्रमाणात चालू होतं आणि त्यावर नवी फर पांढरी येणार की तपकिरी हे अवलंबून असतं. आणि तपकिरी प्रत आली कुठून, तर काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटकडून. ही वेगळीच प्रजाती. कधीही पांढरी न होणारी. फार पूर्वी दोहोंमध्ये संकर झाला, त्यातून हा जनुकाचा तुकडा स्नोशू सशांत आला आणि किनाऱ्याकडच्या सौम्य हिवाळ्यात उपयोगी ठरून टिकला. उसनवारीची ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते, पण तिचं व्यावहारिक महत्त्व वेगळं आहे. नव्या गुणाची वाट पाहायची गरज नाही, तो लोकसंख्येत आधीच आहे. प्रश्न उरतो तो फक्त ये-जा होण्याचा. आणि ये-जा हा विषय मिल्स १९९६ पासून हाताळत होते.

दुसरा निबंध मिल्स यांच्या नेतृत्वाखालचा. जगात २१ पृष्ठवंशी प्रजातींमध्ये काही प्राणी हिवाळ्यात पांढरे होतात. त्यांपैकी आठ प्रजातींचे, ससे, कोल्हे आणि वीझल (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) यांचे, हिवाळ्यातला रंग आणि ठिकाण दोन्ही माहीत असलेले २७१३ नमुने त्यांच्या गटाने जमवले आणि कुठे पांढरे, कुठे तपकिरी, कुठे दोन्ही एकत्र, याचा नकाशा केला. दोन्ही रंग एकत्र नांदतात तो पट्टा मोलाचा. बर्फ कमी झाला तर तिथल्या तपकिरी प्राण्यांना फायदा मिळेल, ते वाढतील, आणि त्यांची जनुकं शेजारच्या पांढऱ्या लोकसंख्येत सरकू शकतील. याला उत्क्रांतीतून होणारी सुटका म्हणतात : लोकसंख्या घसरू लागते, पण निवड पुरेशी वेगवान असेल तर घसरण थांबून ती सावरते. नकाशात आणखी एक गोष्ट निघाली. हे मिश्र पट्टे जगातल्या संरक्षित क्षेत्रांत फारच थोड्या प्रमाणात येतात. राष्ट्रीय उद्यानं आखताना कोणी सशाच्या हिवाळी रंगाचा विचार कशाला करेल?

इथे प्रकरणाला वळण मिळतं. बर्फ तयार करणं कोणत्याही वनाधिकाऱ्याच्या हातात नाही. कोणता पट्टा राखायचा, कोणते दोन पट्टे जोडलेले ठेवायचे, हे त्याच्या हातात असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत आता प्रतिकार करा, स्वीकारा किंवा दिशा द्या अशी तीन पर्यायांची चौकट वापरली जाते. सशाच्या बाबतीत बर्फ घटण्याचा प्रतिकार जागेवर करता येत नाही आणि ससे नाहीसे होणं स्वीकारायचं तर लिंक्सचं काय करायचं हा प्रश्न उभाच. उरते दिशा.

आता आक्षेपांकडे, कारण ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात स्नोशू सशाच्या पट्ट्याची दक्षिण सीमा दर दशकाला सुमारे ८.७ किलोमीटरने उत्तरेकडे सरकल्याचं आढळलं आणि त्यात जंगलातल्या बदलांपेक्षा बर्फाचा वाटा मोठा निघाला. हे मिल्स यांच्या मांडणीला पूरक. स्कॉटलंडमधल्या डोंगरी सशांवर झिमोवा यांनी २०२० साली केलेलं काम थोडं अस्वस्थ करणारं आहे. १९५०-६० च्या दशकांतल्या नोंदी आणि २०१५-१६ मधल्या नोंदी ताडून पाहिल्या. बर्फाचे दिवस वर्षाला सरासरी ३७ ने घटले, विसंगतीचे दिवस ३५ ने वाढले, आणि फर बदलण्याची वेळ काही सरकली नाही. साठेक वर्षांत सशांच्या कितीतरी पिढ्या होतात. उत्क्रांती दिसायला हवी होती. ती का दिसली नाही याचं एक संभाव्य कारण असं दिलं गेलं, की स्कॉटलंडच्या त्या माळांवर ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी शिकारी प्राणी कमी ठेवले जातात. रंग चुकलेल्याला खाणारं कोणी नाही, म्हणून निवडीचा दाबही नाही. म्हणजे सशांना वाचवणारी उत्क्रांती हवी असेल तर सशांना खाणारेही हवेत. हे वाक्य एखाद्या खात्याच्या आराखड्यात लिहून दाखवा बघू.

कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉनमधला निकाल तर थेट उलटा आहे. तिथल्या थंड जंगलात शरदात लवकर पांढरे झालेले ससे, जमीन उघडी असतानाही, तपकिरी सशांपेक्षा जास्त जगले. पांढरी हिवाळी फर जास्त उबदार असते. थंडीत अंग गरम ठेवायला कमी खावं लागतं, आणि खाणं कमी म्हणजे उघड्यावर घालवलेला वेळ कमी. रंगाने झालेलं नुकसान उबेच्या फायद्याने भरून निघालं. याने मोंटानातलं काम खोटं ठरत नाही. तिथे मृत्यू मोजलेले आहेत आणि ते जास्तच निघाले आहेत. पण एका ठिकाणचा सात टक्क्यांचा आकडा उचलून सगळ्या खंडाला लावणं, जे लोकप्रिय लेखांत सर्रास होतं, ते चुकीचं आहे. फर म्हणजे फक्त रंग नाही, हे मूळ मांडणीत कमी आलं होतं, असं माझं मत.

या आक्षेपांचा एक परिणाम उघड आहे. काही जण विचारतात, तपकिरी राहणारे ससे किनाऱ्याकडून उचलून आतल्या भागात का सोडू नयेत? एकच जनुक, एकच गुण, मग सोपंच की. पण आतल्या भागात हिवाळ्याच्या मधल्या महिन्यांत बर्फ अजूनही भरपूर असतो आणि त्या महिन्यांत तपकिरी ससा उघड्या जमिनीवरच्या पांढऱ्या सशाइतकाच नजरेत भरेल. शिवाय किनाऱ्याकडच्या सशाची फर तिथल्या सौम्य थंडीला पुरणारी आहे. युकॉनने दाखवलेला उबेचा हिशोब त्याला मोंटानात भारी पडू शकतो. मिश्र पट्ट्यातून जनुक आपल्या पायांनी सरकला तर प्रत्येक टप्प्यावर निवड त्याला पारखत जाते, माणसाने ट्रकमधून नेला तर ती पारख होत नाही. सशांचं असं स्थलांतर हाती घ्यायला आजचा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. मिश्र पट्टे आणि त्यांना आतल्या डोंगरांशी जोडणारं दाट झुडपांचं जंगल तोडू नका, हे सांगायला मात्र तो पुरेसा आहे.